फॅसेटचे आकडे चुकतात, पर्याय गायब होतात: सोलर पुन्हा बसवण्याआधी काय काय तपासायचं

फॅसेट म्हणजे शोधाच्या बाजूला गाळणीत दिसणारे पर्याय आणि त्यांच्यापुढचे आकडे. सोलर म्हणजे वेबसाइटच्या मागं हा शोध चालवणारं सॉफ्टवेअर. आधी लक्षणं. यातलं एखादं तरी तुमच्याकडे दिसत असेल, तर पुढचं वाचा.

- शोध नीट चालतो, निकाल बरोबर येतात, पण बाजूच्या गाळणीतला (प्रकार, तालुका, ब्रँड, दर) एखादा पर्याय दिसतच नाही.
- ‘राजापुरी हळद’ असा एक पर्याय हवा, तिथं ‘राजापुर’ आणि ‘हळद’ असे दोन तुकडे दिसतात.
- दिसायला हुबेहूब एकच शब्द यादीत दोनदा येतो, आकडे वेगवेगळे.
- पर्यायापुढं ४२ लिहिलेलं असतं, क्लिक केलं की ३९ निघतात, किंवा काहीच निघत नाही.
- एक पर्याय निवडला की बाकीचे सगळे नाहीसे होतात.
- कधीच बंद झालेला ब्रँड शून्य आकडा लावून यादीत बसून राहतो.
- माल चढवल्यावरचा पहिला शोध रखडतो, नंतरचे झटपट होतात.
- सोलर नवीन मशीनवर हलवला आणि वेबसाइटला तो सापडेनाच. किंवा चालू होतो आणि काही तासांनी गुपचूप बंद पडतो.

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या पट्ट्यात हळद-बेदाण्याचे व्यापारी, पुस्तकांची दुकानं, ग्रंथालयं आणि अवजारांचे कॅटलॉग यांचे सर्च सर्व्हर मी सांभाळतो. जवळपास सगळीकडं अपाची सोलर आहे. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “सर्व्हर बंद करून चालू केला, तरी तसंच आहे.” तसंच राहणार. फॅसेटच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा क्वेरीत (सोलरला विचारलेल्या प्रश्नात), माहितीत किंवा फील्डच्या (नोंदीतल्या रकान्याच्या) प्रकारात असतं, आणि या तिन्ही गोष्टी रीस्टार्टनं बदलत नाहीत. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी. सर्व्हरला हात शेवटी.

वेबसाइट बाजूला ठेवा, थेट सोलरला विचारा

सोलरचं अ‍ॅडमिन पान उघडा (पोर्ट ८९८३), आपला कोअर (सोलरमधला तुमच्या माहितीचा संच) निवडा आणि क्वेरीच्या पानावर सगळ्या नोंदी मागवा. ‘रोज’ (rows, किती नोंदी हव्यात तो आकडा) शून्य ठेवा, म्हणजे नोंदी येत नाहीत, फक्त मोजणी येते. फॅसेट चालू करून शंका असलेलं फील्ड द्या.

इथं आकडे बरोबर आले तर सोलर निर्दोष आहे. दोष वेबसाइटच्या कोडमध्ये किंवा कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या जुन्या उत्तरांत) आहे, आणि वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करायचा. दोन मिनिटांची ही तपासणी न करता लोकांनी अख्खा सर्व्हर नव्यानं बसवलेला मी पाहिलाय.

इथंही आकडे चुकले, तर त्याच क्वेरीत ‘एकोपॅराम्स’ या पॅरामीटरला ‘ऑल’ देऊन ती परत चालवा. तुम्ही दिलेले आणि सोलर-कॉन्फिग फाईलमधून गुपचूप जोडले गेलेले, असे सगळे पॅरामीटर उत्तरात दिसतात. फाईलच्या ‘अपेंड्स’ भागात आधीच्या माणसानं ‘फक्त शिल्लक माल दाखव’ असा फिल्टर घालून ठेवलेला असतो आणि तो आता कुणाच्याच लक्षात नसतो. ४२ आणि ३९ मधला फरक कितीदा तरी तिथंच सापडतो: एका हँडलरला (सोलरकडं क्वेरी जाण्याच्या वाटेला) तो फिल्टर लागतो, दुसऱ्याला नाही.

साताऱ्याचा अकरावा तालुका

ही माझी आवडती तक्रार. दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच सॉफ्टवेअर. सांगलीच्या पानावर सगळे तालुके दिसतात, साताऱ्याच्या पानावर एक कमी. कमी असतो तोही बहुतेक महाबळेश्वर नाहीतर जावळी. मग चर्चा सुरू होते की साताऱ्याची माहिती नीट चढलेली नाही.

माहिती नीटच चढलेली असते. सोलरच्या जेसन फॅसेटमध्ये (मोजणी मागायच्या नव्या पद्धतीत) टर्म्स प्रकाराची मूळ मर्यादा १० आहे. सांगली जिल्ह्यात तालुके १०, साताऱ्यात ११. यादी मोठ्या आकड्याकडून छोट्याकडं लागते, त्यामुळं सर्वांत कमी नोंदी असलेला तालुका कापला जातो. लिमिट वाढवा किंवा उणे एक द्या, तालुका परत येतो. उणे एक म्हणजे मर्यादाच नाही. तालुक्यांना ते चालेल. ग्राहकांच्या नावांसारख्या, लाखभर वेगळ्या किमती (म्हणजे फील्डमधली मूल्यं, दर नव्हे) असलेल्या फील्डला कधीही देऊ नका.

जुन्या पद्धतीच्या फॅसेट पॅरामीटरची मर्यादा १०० आहे. तालुक्यांना ती पुरते, गावांना पुरत नाही. सांगली जिल्ह्यात सातशेच्या वर गावं आहेत, त्यामुळं ‘आमचं गाव यादीत नाही’ ही तक्रार येणारच. मर्यादा वाढवता येते, पण सातशे गावांची यादी मोबाइलवर कोण वाचणार? आधी तालुका निवडायला लावा, मग त्यातली गावं दाखवा.

शून्य आकड्याचे पर्यायही याच कुळातले. जुन्या पद्धतीत ‘फॅसेट.मिनकाउंट’ (पर्याय दिसायला किमान किती नोंदी हव्यात तो आकडा) मुळात शून्य असतो, म्हणून आत्ताच्या निकालात एकही नोंद नसलेला पर्यायसुद्धा दिसतो. खोडलेल्या नोंदींचे शब्द इंडेक्सचे (शोधासाठी सोलरनं बनवलेल्या सूचीचे) तुकडे एकत्र होईपर्यंत आत शिल्लक राहतात, त्यामुळं बंद ब्रँड यादीत डोकावतो. मिनकाउंट १ करा, विषय संपला. जेसन फॅसेटमध्ये तो आधीपासूनच १ असतो.

एक सूचना. इंडेक्स अनेक शार्डमध्ये (स्वतंत्र हिश्श्यांत) विभागलेला असेल तर जेसन फॅसेटचे आकडे थोडे कमी येऊ शकतात, कारण प्रत्येक शार्ड आपापले वरचे पर्यायच पाठवतो. त्यासाठी ‘रिफाइन’ चालू करायचं. पण काही लाख नोंदींच्या कॅटलॉगला शार्ड लागतातच कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

नवा माल दिसत नाही: कमिट

सोलरमध्ये हार्ड कमिट माहिती डिस्कवर पक्की करतो आणि सॉफ्ट कमिट ती शोधात दिसायला लावतो. सोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये ऑटो कमिट दर १५ सेकंदांनी होतो, पण त्यात ‘ओपन सर्चर’ (नवी माहिती शोधासाठी उघडणं) बंद असतं. माहिती सुरक्षित आहे, शोधात मात्र नाही. ऑटो सॉफ्ट कमिट तपासा. तो उणे एक असेल तर बंद आहे. मिनिटभराचा ठेवला तर बहुतेक व्यापाऱ्यांना चालतं.

याच्या उलट चूकही होते. हळदीच्या हंगामात सौदे चालू असताना दर सारखे बदलतात, आणि ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं प्रत्येक नोंदीमागं एक कमिट घातलेला असतो. प्रत्येक वेळी नवा सर्चर उघडतो, जुन्या कॅश टाकून दिल्या जातात, नव्या तापायच्या आत पुढचा कमिट येतो. लॉगमध्ये ‘ओव्हरलॅपिंग ऑनडेक सर्चर्स’ असा इशारा दिसला तर हेच झालंय. प्रोग्राममधले कमिट काढून टाका आणि ‘कमिट विदिन’ (ठरलेल्या वेळेच्या आत सोलरच कमिट करतो) वापरा.

क्लिक केल्यावर घोळ: फिल्टर क्वेरी

पर्यायाचा आकडा बरोबर, क्लिक केल्यावर चूक. फिल्टर कसा लिहिला आहे ते बघा. ‘प्रकार:राजापुरी हळद’ असं अवतरण चिन्हांशिवाय लिहिलं तर सोलर ‘राजापुरी’ तेवढं प्रकार फील्डमध्ये शोधतो आणि ‘हळद’ मूळ फील्डमध्ये, म्हणजे फील्डचं नाव दिलेलं नसेल तेव्हा तो शोधतो तिथं. किंमत अवतरणात घाला, किंवा ‘टर्म’ नावाचा क्वेरी पार्सर वापरा. मी दुसराच वापरतो, कारण मालाच्या नावात कंस, आडवी रेघ, अवतरण काहीही येतं आणि प्रत्येक वेळी ते सांभाळत बसावं लागत नाही.

एक पर्याय निवडल्यावर बाकीचे गायब होणं हा सोलरचा दोष नाही. त्यानं सांगितलं तेच केलं: सेलम या दुसऱ्या जातीच्याच नोंदी मागितल्यावर राजापुरीचा आकडा शून्यच येणार. ग्राहकाला दोन्ही निवडता यावेत असं हवं असेल तर फिल्टरला टॅग लावायचा आणि त्या फॅसेटच्या मोजणीतून तो टॅग वगळायचा. टॅग एका बाजूनं लिहिला आणि वगळायला दुसऱ्या बाजूला विसरला, हा प्रकार नेहमीचा.

तिसरी गंमत आपल्या लिपीची. वेबपत्त्यातून (यूआरएलमधून) जाताना देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त हे सगळं टक्के-चिन्हांत बदलतं आणि एकेकाची नऊ अक्षरं होतात. सोलरच्या आत चालणाऱ्या जेटी या वेब सर्व्हरची हेडरची (विनंतीच्या वरच्या भागाची, पत्ता त्यातच येतो) मूळ मर्यादा ८१९२ बाइट आहे. ग्राहकानं वीसेक मोठी नावं निवडली की ‘४१४’ (पत्ता फार लांब) ही चूक येते, आणि तीही मराठी पर्यायांनाच. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. क्वेरी ‘पोस्ट’ पद्धतीनं पाठवा, म्हणजे ती पत्त्यातून जात नाही. मर्यादा वाढवत बसू नका.

एकच शब्द दोनदा: माहितीची साफसफाई

इथं वेळ द्या. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथं संपतात असं माझं मत आहे.

साधी कारणं आधी. शब्दामागं मोकळी जागा राहिलेली असते. ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महांकाळ’ आणि ‘कवठे-महांकाळ’ असे तीन तालुके तयार झालेले असतात. कुणी वाळवा लिहितो, कुणी इस्लामपूर, आता ईश्वरपूरही. कुणी खानापूर लिहितो, कुणी विटा. सोलरला यातलं काही कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. तालुका टाइप करायला ठेवूच नका, यादीतून निवडायला लावा आणि सोलरमध्ये ठरलेलं एकच नाव पाठवा.

अवघड कारण डोळ्यांना दिसत नाही. ‘कोऱ्या वह्या’ घ्या. यातला ऱ्या दोन तऱ्हेनं टाइप होतो: एक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त वापरून, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, सोलरसाठी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ‘र’ खालच्या नुक्त्याचं ‘ऱ’ करतं, पण या जोडकाला हात लावत नाही. त्यात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून आणलेली यादी असेल तर न दिसणारी अक्षरं आणखी निघतात. संशय आला की दोन्ही शब्द कॉपी करा आणि त्यांची लांबी मोजणाऱ्या कुठल्याही साधनात टाका. लांबी वेगळी आली की चोर सापडला.

इलाज इंडेक्समध्ये जाण्याआधी करायचा. सोलरच्या अपडेट साखळीत कडेच्या मोकळ्या जागा काढणारा ‘ट्रिम फील्ड’ आणि अक्षरं बदलणारा ‘रेजेक्स रिप्लेस’ असे दोन प्रोसेसर आहेत. पहिल्यानं कडा साफ होतात. दुसऱ्यानं र-हलन्त-जोडक या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. मग सगळी माहिती पुन्हा चढवा. फक्त नवीन नोंदी साफ करून उपयोग नाही. जुना ‘कोऱ्या’ तसाच राहतो.

तुकडे पडतात, शेपट्या उडतात: फील्डचा प्रकार

फॅसेट फील्डमधल्या अखंड किमती मोजत नाही, इंडेक्समध्ये गेलेले शब्द मोजतो. फील्ड मजकूर प्रकाराचं असेल तर ‘राजापुरी हळद’चे आधी दोन शब्द होतात. मराठीसाठी म्हणून बरेच जण सोलरमधला तयार हिंदी प्रकार लावतात. तो शोधापुरता बरा चालतो. पण तो दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करतो, हलन्त काढतो आणि शब्दाचं शेपूट छाटतो. मग यादीत ‘राजापुर’ दिसतं, ‘बेदाणा’चं ‘बेदाण’ होतं, आणि मालक विचारतो की शुद्धलेखन कुणी बिघडवलं.

उपाय ठरलेला आहे. त्याच माहितीची दोन फील्ड ठेवायची: शोधासाठी मजकूर प्रकाराचं, फॅसेटसाठी स्ट्रिंग (न तोडता अखंड ठेवणाऱ्या) प्रकाराचं आणि डॉक-व्हॅल्यूज (मोजणीसाठी आधीच रचून डिस्कवर ठेवलेली मूल्यं) चालू असलेलं. ‘कॉपी फील्ड’ वापरा. तो मूळ किंमत जशीच्या तशी उचलतो, छाटलेली नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त मालाचं लांबलचक वर्णन स्ट्रिंगमध्ये कॉपी करू नका. एका शब्दाला ३२,७६६ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. त्यापुढं गेलं की ‘इमेन्स टर्म’ अशी चूक येऊन ती नोंदच नाकारली जाते.

डॉक-व्हॅल्यूजचा आग्रह कशासाठी? ते नसतील तर सोलरला फॅसेट मोजण्यासाठी इंडेक्स उलटा करून मेमरीत रचावा लागतो, तोही प्रत्येक कमिटनंतर नव्यानं. माल चढवल्यावरचा पहिला शोध रखडतो तो यामुळं. संख्येच्या नव्या, पॉइंट प्रकारच्या फील्डला तर डॉक-व्हॅल्यूजशिवाय फॅसेट मिळतच नाही.

स्कीमात (फील्ड आणि त्यांचे प्रकार लिहिलेल्या फाईलमध्ये) बदल केल्यावर पूर्ण इंडेक्स नव्यानं बनवावा लागतो. इथं सवलत नाही. अर्ध्या नोंदी जुन्या आणि अर्ध्या नव्या राहिल्या की आकडे खोटे येतात, किंवा लॉगमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड डॉकव्हॅल्यूज टाइप’ दिसतं. सर्वांत सुरक्षित रस्ता: शेजारी नवा कोअर बनवा, सगळं त्यात चढवा, आकडे जुळवा, मग दोन्हींची अदलाबदल करा. दुकान एक मिनिटही बंद राहत नाही.

इलॅस्टिकसर्च (सोलरसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू आहे. तिथं मजकूर फील्डवर मोजणी मागितली तर तो सरळ नकार देतो, आणि टर्म्सची मूळ मर्यादा तिथंही १०च.

सर्व्हर हलवल्यावर किंवा बसवल्यावर

आता कुठं सर्व्हरला हात. यातही स्वस्त ते आधी.

वेबसाइटला सोलर सापडत नाही, पण त्याच मशीनवर अ‍ॅडमिन पान उघडतं? सोलर ९ पासून तो मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त त्याच मशीनचं, ऐकतो. जेटी होस्टची सेटिंग बदला, पण ८९८३ पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त वेबसाइटच्या मशीनसाठीच उघडा. सगळ्या जगासाठी उघडून ‘आता चालतंय’ म्हणणं हा उपाय नव्हे.

मुळीच सुरू होत नाही? जावाची आवृत्ती बघा. सोलर ९ ला किमान जावा ११ लागतं. सोलर ५ पासून तो टॉमकॅटमध्ये (वेगळ्या वेब सर्व्हरमध्ये) टाकायच्या वॉर फाईलच्या रूपात चालवायचा नसतो, स्वतःच्या जेटीसकट येतो. इंटरनेटवरच्या जुन्या कृती बघून टॉमकॅट बसवण्यात दिवस घालवू नका.

कोअर ‘इनिशिअलायझेशन फेल्युअर’ दाखवतो? फाईली कुणाच्या मालकीच्या आहेत ते बघा. रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) म्हणून कॉपी केल्यावर त्या रूटच्या नावावर जातात आणि सोलर या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. मालकी बदलली की काम झालं. इंडेक्सच फार जुना असेल तर मात्र मालकी बदलून भागणार नाही. सोलर ७ मध्ये बनलेला इंडेक्स सोलर ९ उघडत नाही, मध्ये ८ वर नेला असला तरी. मूळ माहितीवरून नव्यानं बनवा.

लॉगमध्ये इंडेक्स ‘लॉक’ असल्याचं दिसलं की लोक कुलुपाची फाईल पुसतात. करू नका. मूळ सेटिंगमध्ये हे कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमचं असतं. वीज गेली, प्रोसेस मेली, की ते आपोआप सुटतं. तरीही लॉक येतंय म्हणजे दुसरा सोलर त्याच फोल्डरवर चालू आहे. तो शोधून बंद करा.

क्लाउड मोडमध्ये (अनेक सोलर मिळून चालवताना) डिस्कवरची स्कीमा फाईल कितीही बदलली तरी परिणाम शून्य. कॉन्फिग झूकीपरमध्ये (त्या सगळ्यांचा मेळ राखणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतं. ते तिथं अपलोड करून कलेक्शन रीलोड करावं लागतं.

गुपचूप बंद पडणं बहुधा मेमरीचं. सोलरची मूळ हीप (जावाला वापरायला दिलेली मेमरी) ५१२ एमबी आहे. ती वाढवा, पण मशीनची सगळी मेमरी देऊन टाकू नका. डॉक-व्हॅल्यूज ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून वाचले जातात आणि तिलाही जागा लागते. ८ जीबीच्या मशीनवर मी २ जीबीपासून सुरुवात करतो. त्यातही पडला तर आधी डॉक-व्हॅल्यूज नसलेलं फील्ड शोधतो, मग हीप वाढवतो.

मशीन कुठं ठेवलंय हेही एकदा बघा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप यावर वेगळं सांगायला नको.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

इंडेक्स तपासणाऱ्या ल्युसीनच्या (सोलरच्या पोटातल्या शोधाच्या लायब्ररीच्या) साधनानं तुकडे खराब दाखवले आणि मूळ माहिती तुमच्याकडे नसेल, तर तिथंच थांबा. त्याच साधनातला ‘एक्सॉर्साइज’ पर्याय खराब तुकडे नोंदींसकट काढून टाकतो. त्या नोंदी परत येत नाहीत. मूळ माहिती हाताशी असेल तर प्रश्नच नाही, इंडेक्स नव्यानं बनवा.

डिस्कच वाचायच्या-लिहायच्या चुका देत असेल तर सोलर बंद करा आणि हार्डवेअरवाल्याकडे जा. चालू ठेवला तर उरलेलंही जाईल.

क्लाउड मोडमध्ये शार्डला लीडर (बाकीच्या प्रतींची मुख्य प्रत) मिळत नसेल किंवा झूकीपरचं बहुमत तुटलं असेल, तर एकेक नोड रीस्टार्ट करत बसू नका. चुकीची प्रत लीडर झाली तर नवी माहिती जाते.

पोर्ट बाहेर उघडं होतं, प्रोसेसर सतत पूर्ण भरलेला आहे आणि अनोळखी प्रोसेस दिसतेय? मशीन नेटवर्कवरून तोडा, पण पुसू नका. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरजेच्या (सोलरमधल्या लॉग लिहिणाऱ्या साधनाच्या) दोषात सोलरच्या ८.११.० पर्यंतच्या बऱ्याच आवृत्त्या सापडल्या होत्या. दुरुस्ती ८.११.१ मध्ये आली, आणि त्याआधीचे सोलर मला आजही चालू अवस्थेत भेटतात. घुसखोरीचा माग काढणं हे वेगळं कसब आहे. ते माझ्यासारख्याचंही काम नाही.

बोलवताना हातात एवढं ठेवा: सोलर आणि जावाची आवृत्ती, स्कीमा, सोलर-कॉन्फिग, चुकणारी नेमकी क्वेरी, चुकीची मोजली जाणारी एक नोंद आणि बिघाड सुरू झाला त्या वेळचा लॉग. लॉग फाईल म्हणूनच पाठवा. व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो येतो त्यात वरच्या चार ओळी असतात, आणि खरं कारण सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये लिहिलेलं असतं.